जामीनदार

हेलसिंकीत स्नेलमान यांच्या नावाच्या रस्त्यावर दोन भारदस्त इमारती समोरासमोर उभ्या आहेत. एक फिनलंडची मध्यवर्ती बँक. दुसरी रशियाच्या झारच्या अमलात बांधलेली सभांची इमारत. धर्मगुरू, नगरवासी व्यापारी आणि शेतकरी या तीन वर्गांच्या प्रतिनिधींच्या बैठका तिथे भरत; उमरावांची वास्तू वेगळी होती. बँकेसमोर योहान विल्हेल्म स्नेलमान यांचा पुतळा आहे. देशाला स्वतःचं चलन आणि फिनिश भाषेला सरकारदरबारी जागा मिळवून देणाऱ्यांपैकी हे एक. फेब्रुवारी 1944 मध्ये सोव्हिएत विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले तेव्हा पुतळ्याच्या चौथऱ्याचे टवके उडाले. ते तसेच ठेवले आहेत, बुजवलेले नाहीत.

या दोन इमारतींमधलं अंतर म्हणजे रस्त्याची रुंदी. रिस्तो रूती यांनी बँकेच्या इमारतीत गव्हर्नर म्हणून सुमारे दीड तपाचा काळ काढला आणि नोव्हेंबर 1945 मध्ये समोरच्या इमारतीत ते आरोपी म्हणून उभे राहिले. मधल्या काळात ते पंतप्रधान झाले, राष्ट्राध्यक्ष झाले. पण मुळात हा गृहस्थ वकील. खाजगी व्यवसाय करणारा, भागीदारीत कार्यालय चालवणारा, अशिलाचे कागद तपासून त्यातल्या पळवाटा बुजवणारा किंवा गरजेप्रमाणे त्या ठेवून देणारा. मला त्यांच्या आयुष्यात सर्वांत जास्त कुतूहल याच वकिलीचं वाटतं. कारण त्यांनी देशासाठी केलेलं सर्वांत धाडसी काम हे एका वकिलाने तयार केलेल्या कागदाचं काम होतं.

रूती यांचा जन्म 3 फेब्रुवारी 1889 चा, नैर्ऋत्य फिनलंडमधल्या हुइत्तिनेन गावचा. वडील मोठे शेतकरी. घरात सात मुलगे, तीन मुली. थोरल्या-धाकट्या भावांनी शेत धरलं. रिस्तोने मात्र पुस्तकं धरली. भावांपैकी शालान्त शिक्षण पूर्ण करणारा तो एकटाच. 1906 साली हेलसिंकी विद्यापीठात कायद्याला नाव घातलं आणि 1909 मध्ये पदवी घेतली.

त्या काळच्या फिनलंडमध्ये वकील होण्याला एक वेगळा अर्थ होता, तो समजून घ्यायला हवा. देश रशियन साम्राज्याचा भाग होता, पण कायदे जुने होते, स्वीडिश राजवटीतले. 1734 ची संहिता अजून चालू होती. झारने 1809 मध्ये हे कायदे जपण्याचं वचन दिलं होतं. शतक पालटता पालटता पीटर्सबर्गला ते वचन नकोसं झालं. मग फिनिश लोकांच्या हातात उरलं काय? फौज नाही. उरला कायद्याचा ग्रंथ. न्यायाधीश, वकील, प्राध्यापक यांनी तोच पुढे केला. 1912 च्या एका रशियन कायद्याने फिनलंडमध्ये रशियन प्रजाजनांना स्थानिकांइतकेच हक्क दिले, तेव्हा व्हिपुरीच्या अपील न्यायालयातल्या न्यायाधीशांनी हा कायदा आमच्या विधिमंडळाने केलेला नाही, सबब तो आम्हाला लागू नाही, अशी भूमिका घेतली. त्यांची रवानगी पीटर्सबर्गच्या क्रेस्ती तुरुंगात झाली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले स्विन्हुफुद हेही न्यायाधीशच. ते 1914 मध्ये सैबेरियात हद्दपार झाले. कायद्याच्या अक्षराला घट्ट धरून बसणं म्हणजे देशप्रेम, अशी शिकवण एका अख्ख्या पिढीच्या अंगी मुरली. रूती त्या पिढीचे.

मात्र रूती क्रेस्तीच्या वाटेने गेले नाहीत. रशियन दडपशाहीचं दुसरं पर्व सुरू होताना त्यांनी राजधानी सोडली आणि राउमा या लाकडी घरांच्या बंदरगावात वकिली थाटली. 1912 मध्ये पुढची पदवी पदरात पडली. राउमाचं सारं जग जहाजांचं. दर्यावर्दी, गलबतांचे मालक, लाकडाचे व्यापारी. तिथेच त्यांना त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं अशील भेटलं, आल्फ्रेड कॉर्देलिन.

कॉर्देलिन राउमाचेच. एका गरीब खलाशाचा मुलगा. व्यापार, कारखाने, जमीनजुमला करत करत ते देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांमध्ये जाऊन बसले. मूलबाळ नाही. त्यांनी या तरुण वकिलाला जवळ केलं. आधी कामापुरतं, मग मित्र म्हणून. 1914 च्या वसंतात रूती सागरी कायदा शिकायला ऑक्सफर्डला गेले. महायुद्ध पेटलं आणि त्यांना परतावं लागलं. शिक्षण अर्धवट राहिलं, पण इंग्रजी भाषा आणि इंग्लंडविषयीची ओढ कायमची सोबत आली. 1916 मध्ये गेर्दा सर्लाखियस यांच्याशी लग्न झालं. हेलसिंकीत ‘सर्लाखियस आणि रूती’ या नावाने भागीदारीतलं वकिली कार्यालयही चालू लागलं. कॉर्देलिन आपल्या सगळ्या उद्योगांचा कारभार या वकिलाच्या हाती सोपवणार, अशी चिन्हं दिसत होती.

7 नोव्हेंबर 1917. इतिहासाच्या पुस्तकात हा दिवस पेत्रोग्राडच्या नावावर आहे. बोल्शेविकांनी सत्ता घेतली तो. त्याच दिवशी फिनलंडमध्ये मोम्मिला इथल्या वाड्यावर कॉर्देलिन यांच्या वाढदिवसासाठी जमलेली पाहुणेमंडळी होती. रूती पतिपत्नी त्यांच्यातच. रशियन खलाशांची एक टोळी वाड्यावर आली, लूट झाली, यजमान आणि पाहुण्यांना ओलीस धरलं गेलं. मग नागरी रक्षकांच्या तुकडीशी चकमक उडाली आणि त्या गदारोळात कॉर्देलिन यांना गोळी घालण्यात आली. रूती आणि गेर्दा वाचले. अशील, मित्र आणि ठरून गेल्यासारखं भविष्य, तिन्ही एका दिवसात गेलं.

कॉर्देलिन यांच्या संपत्तीतून त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान उभं राहिलं. विद्या, साहित्य, कला यांना आजही त्याचे पैसे मिळतात. त्यांनी नांताली इथे समुद्रकाठी लार्स सोंक या वास्तुविशारदाकडून बांधून घेतलेला ‘कुल्तारांता’ हा ग्रॅनाइटचा बंगला मात्र फिरत फिरत सरकारकडे आला आणि 1922 पासून राष्ट्राध्यक्षांचं उन्हाळी निवासस्थान झाला. म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर रूतींच्या वाट्याला उन्हाळ्यात राहायला आपल्या खून झालेल्या अशिलाचंच घर आलं. कादंबरीकाराने असा योगायोग लिहिला असता तर संपादकाने तो कापला असता.

फिनलंड स्वतंत्र होताच उसळलेल्या 1918 च्या यादवी युद्धात रूती कुणाच्याही बाजूने लढले नाहीत. लाल, म्हणजे समाजवादी, सैन्याच्या ताब्यातल्या हेलसिंकीत ते कुटुंबासह लपून राहिले. सुमारे 37 हजार माणसं त्या वर्षी मेली. तीस लाखांच्या देशात. युद्ध संपल्यावर 1919 मध्ये ते पुरोगामी पक्षाकडून संसदेत गेले. पक्ष लहान, पण देशाची राज्यघटना ज्यांच्या हातची म्हणतात ते पहिले राष्ट्राध्यक्ष स्तोल्बर्ग याच पक्षाचे, आणि तेही कायदेपंडित. 1921 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, रूती अर्थमंत्री झाले. 1923 मध्ये स्तोल्बर्ग यांनी त्यांना मध्यवर्ती बँकेत बसवलं आणि वकिली कार्यालयाशी संबंध संपला.

बँकेतल्या कामाची एकच गोष्ट सांगतो. महायुद्धात मार्क्का हे चलन पार घसरलं होतं. 1925 मध्ये चर्चिल यांनी पौंड युद्धापूर्वीच्या सोन्याच्या दराला नेऊन बांधला, प्रतिष्ठा राखायची म्हणून, आणि इंग्लंडच्या कामगारांनी त्याची किंमत मोजली. नॉर्वे-डेन्मार्कही त्याच मार्गाने गेले. इंग्लंडवर एवढं प्रेम असूनही रूतींनी त्या बाबतीत इंग्लंडचा कित्ता गिरवला नाही. 1926 मध्ये मार्क्का पुन्हा सोन्याशी जोडला तो जुन्या किमतीच्या जवळजवळ एक-अष्टमांश दराने. गेलेली अब्रू गेली, उरलेली मोजून घ्या, असा हा हिशेब. पुढे मंदीत युरोपातल्या बहुतेकांनी अमेरिकेच्या कर्जाचे हप्ते थांबवले, तेव्हा फिनलंड ते भरत राहिला. या एका गोष्टीने अमेरिकेत या चिमुकल्या देशाचं नाव झालं. वॉशिंग्टनमध्ये कमावलेलं हे नाव पुढे कुठल्या कामी आलं, हा वेगळा प्रश्न.

30 नोव्हेंबर 1939 ला सोव्हिएत संघाने हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी रूती पंतप्रधान झाले. त्यांना हे पद नको होतं. 105 दिवस बर्फात चाललेल्या त्या लढाईच्या कथा मराठी वाचकांनीही ऐकलेल्या असतात. शेवटाविषयी कमी बोललं जातं. मार्च 1940 मध्ये रूती स्वतः शिष्टमंडळ घेऊन मॉस्कोला गेले आणि देशाचा सुमारे एक-दशांश भाग, व्हिपुरी शहरासकट, लिहून देऊन आले. चार लाखांहून अधिक माणसं घरदार सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली. तहाच्या अधिकारपत्रावर सही करताना राष्ट्राध्यक्ष क्युओस्ती कल्लिओ यांनी असल्या कागदावर सही करणारा हात झडून जावो असे उद्गार काढल्याचं सांगतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात लुळा पडला. 19 डिसेंबर 1940 ला निर्वाचक मंडळाने 300 पैकी 288 मतांनी रूतींना राष्ट्राध्यक्ष निवडलं आणि त्याच संध्याकाळी गावी परतणारे कल्लिओ हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकावर कोसळून वारले.

इथून पुढचा रूतींचा काळ सरळ कौतुकाने सांगता येत नाही. जून 1941 मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर चाल केली आणि काही दिवसांतच फिनलंडही युद्धात होता. गेलेला मुलूख परत मिळवणं हे लोकांना पटण्यासारखं होतं. पण फिनिश सेना जुन्या सीमेवर थांबली नाही. पूर्व कारेलियात घुसून तिने पेत्रोझावोद्स्क घेतलं. तिथल्या छावण्यांत कोंडलेली हजारो रशियन माणसं भुकेने आणि रोगराईने मेली. नोव्हेंबर 1941 मध्ये फिनलंड जर्मनीच्या कम्युनिस्टविरोधी करारात सामील झाला. 6 डिसेंबरला, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनी, ब्रिटनने युद्ध पुकारलं. ऑक्सफर्डच्या या भक्ताला तो दिवस कसा गेला असेल याचा अंदाज करावा. नोव्हेंबर 1942 मध्ये फिनिश पोलिसांनी आठ ज्यू निर्वासितांना, त्यांत मुलंही होती, बोटीत बसवून गेस्टापोच्या हवाली केलं. आठांपैकी एकच वाचला. फिनलंडच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती 2000 साली. हे सगळं रूती राष्ट्राध्यक्ष असताना घडलं. फिनलंड जर्मनीचा मित्र नव्हता, फक्त बाजूबाजूने लढत होता, असा बचाव तेव्हाही केला जाई. हा वकिली बचाव आहे आणि फारसा चांगलाही नाही.

आता तो कागद.

9 जून 1944 ला कारेलियाच्या संयोगभूमीवर सोव्हिएत तोफांचा भडिमार सुरू झाला. दहा-अकरा दिवसांत फळी फुटली आणि 20 जूनला व्हिपुरी पडलं. जर्मन शस्त्रं यायला लागली होती. एका माणसाने खांद्यावरून डागायची रणगाडाविरोधी नळी, रणगाडे, विमानांची तुकडी, आणि शिवाय धान्य. हा ओघ आटला तर आघाडीही संपली आणि शहरातली चूलही. 22 जूनच्या संध्याकाळी जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप न कळवता हेलसिंकीत येऊन धडकले. मागणी एकच: जर्मनीला सोडून वेगळा तह करणार नाही, असं लेखी द्या. त्याच सुमारास स्टॉकहोममार्गे मॉस्कोकडूनही निरोप आला, शरणागतीची तयारी आहे असं कळवा. चार दिवस खल चालला. संसदेत असा करार मंजूर होणं कठीण. समाजवादी मंत्री तर उघड विरोधात. आणि झाला असता तर देश कायमचा बांधला गेला असता.

फिनलंडच्या 1919 च्या राज्यघटनेत कलम 33 होतं. परराष्ट्र व्यवहार राष्ट्राध्यक्ष पाहील, पण युद्ध आणि शांततेचा निर्णय संसदेच्या संमतीनेच होईल, असं ते सांगे. म्हणजे संसदेपुढे न ठेवलेलं वचन हे देशाचं वचन होऊच शकत नव्हतं. ते त्या माणसाचं वचन राहणार. 26 जूनला रूतींनी हिटलरच्या नावे पत्रावर सही केली. प्रजासत्ताकाचा अध्यक्ष या नात्याने मी नेमलेलं कोणतंही सरकार जर्मनीच्या संमतीशिवाय युद्धबंदीची किंवा शांततेची बोलणी करणार नाही, असा त्याचा आशय. सगळं वाक्य ‘मी’ वर उभं. मी गेलो की वाक्यही गेलं.

पतपेढीच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस आपल्याकडे गावोगाव सापडतो. कर्ज दुसऱ्याचं, सही याची, आणि हप्ते थकले की जप्तीची नोटीस याच्या दाराला. रूतींनी देशाच्या नावावर कर्ज उचललं आणि तारण म्हणून स्वतःला लिहून दिलं. फरक इतकाच की हा जामीनदार कायदा जाणणारा होता. नोटीस येणार हे त्याला सही करतानाच ठाऊक असावं.

पत्राचा पहिला फटका लगेच बसला. 30 जूनला अमेरिकेने राजनैतिक संबंध तोडले. पण शस्त्रं येत राहिली आणि ताली-इहांतालाच्या लढाईत सोव्हिएत मुसंडी अडली. मॉस्कोला बर्लिनची घाई होती. सैन्य तिकडे वळू लागलं. 1 ऑगस्टला रूतींनी राजीनामा दिला. 4 ऑगस्टला संसदेने खास कायदा करून सरसेनापती मानरहाइम यांना राष्ट्राध्यक्ष केलं. जर्मन सेनापती कायटेल भेटीला आले तेव्हा मानरहाइम यांनी त्यांना स्वच्छ सांगितलं की ते वचन रूतींचं होतं, माझ्यावर ते बंधनकारक नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला तोफा थांबल्या. 19 सप्टेंबरला मॉस्कोत युद्धविरामाचा करार झाला. फिनलंडमध्ये सोव्हिएत राज्य आलं नाही.

हिटलरला फसवलं म्हणून कुणी अश्रू गाळणार नाही, मीही नाही. तरी एक गोष्ट बोचते. ज्या संसदेच्या हक्कासाठी आधीच्या पिढीचे न्यायाधीश क्रेस्तीच्या कोठडीत गेले, त्याच संसदेला वळसा घालून हे पत्र दिलं गेलं. कलम 33 ची भिंत रूतींनी पाडली नाही. तिच्या बाजूने वाट काढली. चांगला वकील हेच करतो. चांगल्या राष्ट्राध्यक्षाने ते करावं का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माझं मत विचाराल तर त्या जूनमध्ये दुसरी कुठलीही वाट याहून वाईट होती.

युद्धविरामाच्या कराराचं तेरावं कलम युद्धगुन्हेगारांना पकडून त्यांच्यावर खटले चालवण्याबद्दल होतं. मॉस्कोच्या मते युद्धाचा निर्णय घेणारे नेतेही त्यात येत होते. हेलसिंकीत सोव्हिएत नेते झ्दानोव यांच्या प्रमुखत्वाखाली मित्रराष्ट्रांचा नियंत्रण आयोग ठाण मांडून बसला होता. अडचण अशी की फिनलंडच्या कायद्यात असा गुन्हाच नव्हता. सरकारच्याच समितीला चालू कायद्यात खटल्याला आधार सापडला नाही. मग 12 सप्टेंबर 1945 ला कायदा करण्यात आला आणि तो मागच्या तारखांना लावण्यात आला. 1941 मध्ये देशाला युद्धात नेणारे किंवा नंतर शांततेत अडथळा आणणारे सत्ताधारी त्याच्या कक्षेत आले. कायदा पुढे रेटणारे न्यायमंत्री ऊर्हो केक्कोनेन स्वतः कायद्याचे डॉक्टर. पंतप्रधान पासिकिवी तेही कायद्याचे डॉक्टर. कायदा मागे लावता येत नाही हे दोघांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांना वाटत होतं, आपण खटला चालवला नाही तर ते चालवतील.

आपल्या भारतीय राज्यघटनेचं कलम 20 कृत्य घडताना जो गुन्हा नव्हता त्याबद्दल शिक्षा देण्याची बंदी करतं. न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी टोकियोच्या खटल्यात 1948 मध्ये याच मुद्द्यावर वेगळं निकालपत्र लिहिलं. पण टोकियोत, न्यूरेंबर्गमध्ये जेते न्याय करत होते. हेलसिंकीत फिनिश न्यायाधीश, फिनिश सरकारी वकील आणि फिनिश आरोपी होते.

15 नोव्हेंबर 1945 ला बँकेसमोरच्या त्या इमारतीत खटला उभा राहिला. न्यायपीठावर सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष, सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाचे अध्यक्ष, विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक, आणि संसदेने निवडलेले बारा सदस्य. आरोपी आठ. त्यांतही कायद्यातल्या माणसांची उणीव नव्हती: माजी पंतप्रधान रांगेल कायद्याचे पदवीधर, बर्लिनमधले राजदूत किविमाकी नागरी कायद्याचे प्राध्यापक. माजी पंतप्रधान लिंकोमिएस मात्र लॅटिनचे प्राध्यापक. रूतींचं वकीलपत्र घेतलं ह्यालमार प्रोकोपे यांनी. माजी परराष्ट्रमंत्री आणि वॉशिंग्टनमधले राजदूत. अमेरिकेने जून 1944 मध्ये त्यांना देशाबाहेर काढलं होतं. मानरहाइम यांना आरोपी केलं गेलं नाही. तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष होते, आणि त्या हिवाळ्यात उपचारासाठी पोर्तुगालला गेले होते. त्यांच्याशिवाय हा खटला अपुरा होता हे न्यायालयातल्या प्रत्येकाला दिसत होतं.

न्यायालयाचा कल सौम्य शिक्षांकडे होता. नियंत्रण आयोगाला ते पसंत पडलं नाही आणि शिक्षा वाढल्या. 21 फेब्रुवारी 1946 ला निकाल लागला. रांगेल यांना सहा वर्षं, लिंकोमिएस आणि समाजवादी नेते व्हाइनो तान्नेर यांना साडेपाच, किविमाकी यांना पाच, बाकीच्या तिघांना दोन ते अडीच. रूतींना दहा वर्षं सक्तमजुरी. शांततेत अडथळा आणल्याच्या आरोपात ते जूनचं पत्रही होतं. ज्या कागदाने तहापर्यंत तग धरता आला, तोच कागद तह अडवल्याचा पुरावा म्हणून दाखल झाला.

कातायानोक्काच्या तुरुंगात रूतींची तब्येत ढासळली आणि पुढे त्यांना रुग्णालयात हलवावं लागलं. बाकीचे एकेक करून सुटले. 1949 मध्ये तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या पासिकिवींनी रूतींना माफी दिली. सुटल्यावर ते राजकारणात परतले नाहीत. 1956 मध्ये हेलसिंकी विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला ते वारले. मार्चमध्ये केक्कोनेन राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि पुढे पाव शतकभर तेच राहिले. त्या काळात रूतींचं नाव सरकारी तोंडातून फारसं येत नसे. मॉस्कोला काय वाटेल, हा विचार हेलसिंकीत श्वासासारखा चालायचा. सोव्हिएत संघ विरघळला आणि बोलती बंद झालेली माणसं बोलू लागली. 1994 मध्ये हेलसिंकीत रूतींचं स्मारक उभं राहिलं. 2004 मध्ये दूरचित्रवाणीवर प्रेक्षकांनी थोर फिन निवडले, तेव्हा मानरहाइम यांच्यानंतर दुसरा क्रमांक रूतींचा होता, केक्कोनेन तिसरे.

कातायानोक्काचा तुरुंग 2007 पासून हॉटेल आहे. फिनलंडच्या आजच्या राज्यघटनेचं आठवं कलम मागच्या तारखेने शिक्षा देण्यास मनाई करतं. आठ जणांविरुद्धचा 1946 चा निकाल मात्र आजवर कुणी रद्द केलेला नाही.